काल्याच्या दिवशीची आमटी

कार्यालयात लग्न आटोपलं, शेवटची पंगत उठली, की हात धुता धुता एखादी बाई मला हमखास विचारते, "मावशी, हा सैपाक तुमी शिकलात कुठं?" मी सांगते, बापाकडं. "मंग तर नशीबवान हाव तुमी," असं म्हणत ती पान लावायला निघून जाते. तिच्याशी वाद घालायला मला वेळ नसतो, कारण मागे भांडी मोजायची असतात. आता साठी जवळ आली आहे, गुडघे कुरकुरतात, कामाला माणसं आहेत, तेव्हा एकदाचं लिहून टाकते. बापानं मला सैपाक शिकवला हे खरं आहे. त्यानं मला चुलीपाशी डांबून ठेवलं हेही तितकंच खरं. आणि मी त्याचं काय केलं, ते पुढं येईलच. वाचून कुणाला माझी कीव आली तर ती त्यानं आपल्यापाशीच ठेवावी.

आमचं घर वारंगा फाट्यापासून दीड कोसावर, शेताच्या कडेला. बापाला आम्ही अण्णा म्हणायचो, पण अहो-जाहो नाही, आमच्यात बापाला अरे-तुरेच. पंचक्रोशीत त्याला रंगूआचारी म्हणत. अंगणात लिंबाखाली कढया पालथ्या घातलेल्या, शेजारी पितळी डेगा, आणि त्यांच्यावरून उड्या मारणाऱ्या मायच्या सहा शेळ्या. हमरस्त्यावरच्या ट्रकांचा घर्र घर्र आवाज दिवसभर चालायचा. फाल्गुन लागला की जीपा यायच्या. नारळ-सुपारी घेऊन यजमान उतरायचे आणि अण्णा बाजेवर बसल्या बसल्याच विचारायचा, "किती उंबरा? चूलबंद का घरटी एक?" चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी गावात कुणाच्या घरी चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे जेवायला. चूलबंद म्हटलं की अण्णाची मान जरा ताठ व्हायची. घरातही तो आम्हाला यजमानासारखंच उभं करून बोलायचा.

पण कामाची गंमत सांगितली नाही तर मी खोटी ठरेन. लग्नाआधी चार दिवस बायका येसर भाजायला बसायच्या. ज्वारी, गहू, हरबऱ्याची डाळ, धने, खोबरं, लवंग, दगडफूल असं एकेक वेगळं भाजायचं, मग जात्यावर एकत्र दळायचं. भाजताना धने आधी हिरवा वास देतात, मग गोड, आणि त्यानंतर एक क्षण असा येतो की अजून चार उलथन्या मारल्या तर सगळं वाया जाईल. तो क्षण मला लांबूनही कळायचा. मी आठ वर्षांची असेन, अंगणात गजगे खेळत होते आणि तिथूनच ओरडले, "आत्ये, उतरव!" आत्यानं उतरवलं आणि मायकडं बघून म्हणाली, "ह्या पोरीचं नाक हाय का काय हाय!" बुंदीच्या झाऱ्यातून टपटप पडणारे कण, पाकाची तार बोटांत धरून बघणं, वांग्याच्या भाजीला सुटलेलं तेल, आणि पहिली पंगत बसल्यावर पहिल्या चार घासांना होणारी ती शांतता. पाचशे माणसं एकाच वेळी गप्प होतात ती फक्त भूक आणि चव यांच्यासाठी. ती शांतता ऐकायला मी अजूनही पडद्याआड उभी राहते.

अण्णानं शिकवलं ते दत्ताला. दत्ता माझा मोठा भाऊ, दिसायला देखणा, हाताला सुस्त. त्याला कालथा मिळाला, मला पोळपाट. बायकांनी पुऱ्या लाटायच्या, भाजी चिरायची, डेगेला हात लावायचा नाही असा कायदाच होता. मी सतरा वर्षांची असताना एका लग्नात अण्णाला न विचारता आमटीखालचा जाळ ओढला, कारण बुडाला लागत होती. आमटी वाचली. अण्णानं तापलेला कालथा माझ्या डाव्या हातावर टेकवला आणि म्हणाला, "हात पोळल्याबिगर हाताला अक्कल येत न्हाई." तेवढं बोलून तो पुऱ्या तळायला बसला. मनगटापासून कोपरापर्यंत तो डाग आजही आहे, बांगड्या भरताना कासारीण दरवेळी विचारते.

त्यानंतरच्याच पावसाळ्यात अण्णाला ताप आला. वीस दिवस बाजेवर होता, केसं गळाली, वजन निम्म्यावर आलं. उठला तेव्हा सगळं ठीक दिसत होतं. एका सकाळी हौसेनं तो घरातच भाजी फोडणीला टाकायला बसला. तेलात मिरच्या काळ्या पडल्या, घर धुरानं भरलं, माय आणि मी खोकत बाहेर पळालो. अण्णा मात्र डोळ्यांतून पाणी गाळत कढईपाशी तसाच बसून होता, फोडणी हलवत. मायनं आत जाऊन कढई उतरवली. "अहो, जळून कोळसा झाला की! वास न्हाई येऊन राहिला का?" अण्णानं कढईत वाकून पाहिलं. मग त्यानं हिंगाचा खडा नाकाशी धरला, मग लसूण ठेचून धरला, मग मायच्या फणीतली केसं चुलीत टाकून जाळली. कशाचाच वास नाही. जिभेला खारट, तिखट, गोड, आंबट कळत होतं, पण नाक मेलं होतं. त्यानं तो लसूण भिंतीवर मारला आणि माय, दत्ता आणि मला समोर बसवून सांगितलं, "भाईर एक शब्द गेला तर एकेकाला चुलीत घालीन."

आचाऱ्याला नाक नसलं की काय होतं ते बाहेरच्याला समजायचं नाही. जिभेला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. करपल्याची चव जिभेवर आली म्हणजे डेग गेलीच. आणि देवाच्या कामात तर जीभही चालत नाही. भंडारा असो की सप्ता असो, नैवेद्य दाखवेपर्यंत आचाऱ्यानं कणभरही चाखायचं नाही, तोंडाला उपरणं बांधून सैपाक करायचा. मीठ हाताच्या मापानं, बाकी सगळं नाकावर. म्हणून अण्णानं माझा पोळपाट बायकांच्या गोलातून उचलून डेगांच्या शेजारी आणून ठेवला. खूण ठरली. मी पुरी लाटता लाटता पोळपाटावर लाटणं एकदा आपटलं की झालं, बराबर आहे. दोनदा आपटलं की जाळ ओढ, लागतंय. तीनदा म्हणजे खराब आहे, फेकून दे. पुऱ्या लाटणाऱ्या बाईचं लाटणं वाजलं तर कोण लक्ष देणार?

चार वर्षं असं चाललं. खरं सांगते, मी सुखात होते. शे-दीडशे पंगती माझ्या लाटण्याच्या ठोक्यावर जेवल्या. खवट तेलाचा डबा मी झाकण उघडायच्या आत ओळखायचे. लोक जेवून उठताना म्हणायचे, "रंगूआचाऱ्याच्या हाताला तोड न्हाई," आणि अण्णा हात जोडायचा. माझ्याकडं तो कधी बघायचा नाही. पण लाटणं वाजायच्या आधी बघायचा. उपरण्याच्या वर फक्त डोळे दिसायचे आणि ते माझ्याकडं लागलेले असायचे. बापानं आपल्याकडं असं बघावं यासाठी मी काहीही केलं असतं. बावीस वर्षांची घोडी, पण एवढ्यावर खूश.

त्याच हिवाळ्यात सेनगावहून स्थळ आलं. सुदाम त्याचं नाव, प्रवासी जीप चालवायचा. काका आणि तो, दोघं आले. मी सुशीला केला, म्हणजे मुरमुरे भिजवून फोडणी दिलेले, वर दाण्याचा कूट. काकांनी नाव, शिक्षण विचारलं. सुदामनं एकच प्रश्न विचारला, "जीपमधी बसल्यावर उलटी होते का?" मी म्हणाले, "न्हाई." तो म्हणाला, "मंग जमलं." सगळे हसले, मायसुद्धा. पुढं महिनाभर फाट्यावरून जाताना तो आमच्या घराच्या दिशेनं एकदा हॉर्न वाजवायचा. शेळ्या कान टवकारायच्या आणि माय मला म्हणायची, "जा, बघ जा, कुणाची गाडी हाय." मी कशाला बघते? मला आवाजावरून कळायचं. मग एके दिवशी हॉर्न थांबला. अण्णा म्हणाला, "त्यांनी न्हाई म्हणून सांगितलं." का, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "पुऱ्या लाट." मायनं मान खाली घातली होती, आणि ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.

चैत्रात औंढ्याच्या वाटेवरच्या एका गावात सप्ता होता. सात दिवस भजन-कीर्तन, आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि मग तीन गावांना चूलबंद महाप्रसाद. आदल्या दिवशी बुंदी पाडून झाली होती. काल्याच्या दिवशी पुऱ्या, वांग्याची भाजी, भात आणि येसराची आमटी. या आमटीत आम्ही चिंच घालत नाही, ती आंबट लागली की समजायचं काहीतरी चुकलं. तीन डेगा आमटी लागणार होती. अण्णाचा एक नियम होता, चैत्र-वैशाखात डाळ सकाळीच शिजवायची, आदल्या संध्याकाळी नाही, कारण झाकलेली डाळ त्या उष्म्यात रातोरात उतरते. दत्तानं एका डेगेची डाळ संध्याकाळीच शिजवून, झाकण लावून ठेवली होती, सकाळची झोप मोडू नये म्हणून. सकाळी त्यानं तीच डाळ तिसऱ्या डेगेत ओतून वर येसर आणि फोडणी घातली. हे अण्णाला माहीत नव्हतं आणि तेव्हा मलाही नाही.

मारुतीच्या देवळामागं चिंचेखाली लांब चर खोदून चुली केल्या होत्या. कीर्तन सुरू झालं होतं, मृदंग ऐकू येत होता. गावातल्या बायका पुऱ्या लाटायला आल्या. त्यांतली एक जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई पोळपाट घेऊन माझ्याच शेजारी टेकली. चार पुऱ्या झाल्यावर तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"तू रंगूआचाऱ्याची पोरगी नव्हं का?"

"व्हय."

"मी सुदामची मावशी. सेनगावच्या सुदामची. मला ह्या गावात दिलीया." तिनं आवाज खाली आणला. "आता बरं हाय का मग तुला?"

"मला काय झालंय?"

"लपवू नको बाई, मी कुणाला सांगून राहिले थोडीच. फिटा येतेत म्हणे तुला. तुझ्या बापानंच सांगितलं आमच्या दाजीला, फाट्यावर बोलवून घेऊन. भला माणूस. पोरीचं लगीन मोडलं तरी चाललं, पण दुसऱ्याच्या लेकराला फसवलं न्हाई." मग तिनं माझा डावा हात धरून उताणा केला आणि डागावरून बोट फिरवलं. "हाच ना तो? चुलीपाशी फिट आली आन् हात पोळला म्हणाला. किती तकलीफ झाली असंल गं."

मी हात काढून घेतला नाही. मी विचारलं, "सुदाम कसा हाय?"

"लगीन झालं की त्याचं, पंधरा दिवस झाले. पोरगी रंगानं डावी हाय, पण धडधाकट."

मी पुरी लाटली. ती गोल आली, हे मला पक्कं आठवतं. मग आणखी एक लाटली. अण्णाला माझं नाक हवं होतं, एवढं साधं गणित होतं ते. मी सेनगावला गेले असते तर तो तोंडाला उपरणं बांधून कुणाकडं बघणार होता? म्हणून त्यानं स्वतः दिलेला डाग दाखवून मला रोगी ठरवलं. आणि मायला हे माहीत होतं.

त्याच वेळी दत्तानं तिसऱ्या डेगेचं झाकण बाजूला केलं आणि वारा माझ्याकडं आला. वर येसर, लसूण, खोबरं, सगळं जागच्या जागी. आणि त्याच्या खाली, पातळसा, ओल्या फडक्यासारखा आंबूस वास. इतर कुणालाही तो आला नसता. अण्णानं मान वळवली. उपरण्याच्या वरचे डोळे माझ्यावर येऊन थांबले, दर वेळी थांबायचे तसे. तीन ठोके द्यायचे होते. कीर्तन संपायला दीड-दोन तास होते, पोतंभर डाळ शिल्लक होती, सरपण होतं. नवी डेग सहज झाली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं.

मी लाटणं एकदा आपटलं.

अण्णानं मान हलवली आणि पुऱ्यांकडं वळला. पुढचे दोन तास मी तिथंच बसले होते. दर थोड्या वेळानं वाटायचं, अजून सांगता येईल. अजूनही सांगता येईल. देवळात महाराज रंगात आले होते, लोक टाळ्या देत होते, ओट्यावर लहान लेकरं जेवणाच्या आशेनं आधीच ताटकळत बसली होती. त्या लेकरांचं मला काही वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त मला अण्णाचं तोंड बघायचं होतं. रागाच्या भरात हातून गेलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. राग दोन तास टिकत नाही. तो राग नव्हता.

नैवेद्य झाला, पंगती बसल्या. महाराज आणि सप्त्याचे पंच यांची पहिली पंगत ओट्यावर, आणि वाढप्यांनी नेमकी तिसरी डेग उचलली, कारण ती ओट्याला सगळ्यात जवळ होती. महाराजांनी भातावर आमटी कालवून घास घेतला. तो त्यांनी गिळला नाही, पत्रावळीच्या कडेला काढून ठेवला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. ती शांतता झाली, पण वेगळी. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर नासली!" आणि बाया-बापड्या पत्रावळी सोडून उठू लागल्या. देवाच्या पंगतीतून उठणं म्हणजे काय, ते तिकडच्या माणसालाच कळेल. दोन लेकरांना उलट्या झाल्या. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली, पण त्यांच्या आयांचं रडणं मी ऐकलं आहे आणि ते माझ्या खात्यावर आहे.

पंचांचे म्होरके बाबाराव. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. ते ओट्यावरून खाली आले, वगराळं आमटीत बुडवून भरलं आणि अण्णासमोर धरलं. "पी."

अण्णानं उपरणं खाली ओढलं आणि वगराळं तोंडाला लावलं. पहिल्या घोटालाच त्याला कळलं. बाबारावांनी वगराळं खाली येऊ दिलं नाही, सगळं प्यायला लावलं. ओठ पुसताना अण्णानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता. मग तो वळला आणि तीन गावांसमोर मोठ्यानं म्हणाला, "माझी पोरगी विटाळशी हाय. मला सांगितलं न्हाई तिनं. तिची सावली पडली आन् देवाचं अन्न नासलं."

माझ्या आजूबाजूच्या बायका आपापले पोळपाट उचलून सरकल्या. सुदामच्या मावशीनं पदरानं हात पुसले, ज्या हातांनी तिनं मला शिवलं होतं. कुणीतरी म्हणालं, "हाकला तिला, देऊळ धुवावं लागतंय आता." मी उठले. मला वाटलं होतं माझा आवाज फुटणार नाही, पण चांगला खणखणीत फुटला.

"मी विटाळशी न्हाई. अण्णाला वासच येत न्हाई. चार वर्सं झाली. माझ्या नाकानं सैपाक करून राहिला तो. पाहिजे तर बघा करून."

आधी कुणाला पटलं नाही. मग बाबारावांनी अण्णाचंच उपरणं घेऊन त्याच्या डोळ्यांवर बांधलं. अण्णा हात सोडून उभा राहिला. एकानं बत्तीजवळची रॉकेलची चिंधी आणली. बाबारावांनी ती त्याच्या नाकापाशी धरली, इतकी जवळ की मिशीला लागली.

"सांग आचारी, काय हाय?"

अण्णानं खोल श्वास घेतला. आजूबाजूला पोरं तोंड दाबून हसत होती. त्यानं पुन्हा एकदा श्वास घेतला. मग अंदाज केला. पंचांनी नाकाशी धरलंय म्हणजे काहीतरी देवाचंच असेल, असं त्याला वाटलं असावं.

"तूप," तो म्हणाला. "गावरान तूप हाय, साहेब."

ते हसणं मी आयुष्यात विसरणार नाही. म्हातारी माणसं ओट्याला टेकून हसत होती. उलट्या झालेल्या लेकराची आईसुद्धा हसली. अण्णा उपरणं बांधलेल्या डोळ्यांनी इकडंतिकडं तोंड वळवत विचारत होता, "तूपच ना? तूपच हाय ना?" आणि सगळं लिहून टाकते म्हणाले होते, तर मला काय वाटलं तेही लिहिते. मला बरं वाटलं. पोटभर जेवल्यावर वाटतं तसं.

डेगा-कढया पंचांनी ठेवून घेतल्या. दत्ता हसणं सुरू व्हायच्या आतच पसार झाला होता, तो आठवड्यानं घरी आला. मी आणि अण्णा उन्हात पायी निघालो. तो पुढं, मी मागं. जीपवाले थांबत नव्हते, का एखादा थांबला आणि अण्णानंच हात केला नाही, ते आता आठवत नाही. घरी पोचल्यावर मायनं दोघांना पाणी दिलं. तिला सगळं आधीच कळलं होतं, अशा बातम्यांना जीप लागत नाही. ती म्हणाली, "दोघं बी एकाच मातीचे." आणि शेळ्या सोडायला गेली.

अण्णाला त्यानंतर कुणी बोलावलं नाही. एकच नारळ आला, तो मायच्या माहेरचा, आणि तोही लग्नाच्या आदल्या दिवशी परत नेला. मला स्थळ आलं नाही. फिटांची पोरगी, वर बापाला चारचौघांत उघडं पाडणारी, अशीला कोण नेणार? पण बारशाला, डोहाळजेवणाला बायका मला बोलवू लागल्या, कारण नाकाची गोष्ट तीन गावांनी ऐकली होती. मग लग्नं आली. चर गेले, गॅसच्या शेगड्या आल्या, पत्रावळीच्या जागी थर्माकोलच्या प्लेटा आल्या, बुफे आला. आता येसर पुडीतून येतो आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. छोट्या टेम्पोवर मी माझं नाव घातलं, कौसल्या केटरर्स. लोकांनी सुचवलं होतं, बापाचं नाव घाला, जुनं नाव आहे. मी नाही घातलं.

अण्णाला मी कामावर न्यायचे. कोथिंबीर निवडायला बसवायचे. कामगारांसमोर मुद्दाम त्याच्या हातात जुडी देऊन विचारायचे, "ताजी हाय का बघ, अण्णा." तो जुडी हातात फिरवायचा, पानं चोळायचा, आणि म्हणायचा, "हाय वाटतं." कामगार नव्या दमाची पोरं, त्यांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि त्याला माहीत होतं, तेवढं पुरे होतं. काल्याच्या दिवसाबद्दल तो कधीच बोलला नाही. मला वाटायचं, त्याला अजूनही खात्री नसेल. कदाचित त्या दिवशी माझंच नाक चुकलं असं समजत असेल. मीही विषय काढला नाही.

मग तो थकला, बाजेवरच असायचा. माय गेली होती. एका वैशाखात मी सकाळच्या लग्नाचं काम आटोपून दुपार कलल्यावर घरी आले. डब्यात येसराची आमटी उरलेली होती. झाकण काढलं आणि लगेच कळलं, उतरली आहे. टाकून द्यायला मी दारापर्यंत गेलेसुद्धा. मग परत आले, भात घातला, त्यावर ती आमटी वाढली आणि ताट त्याच्या बाजेवर ठेवलं. का? मी स्वतःला विचारलेलं नाही. त्याला कळतं का ते बघायचं होतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. जिभेला आंबट कळायला नाक लागत नाही, हे मला माहीत होतं.

त्यानं कालवलं आणि जेवला. हळूहळू, घास चावत, एकदाही न थांबता. मी समोर उंबऱ्यात बसून बघत होते. ताटाच्या कडेचं शीतसुद्धा त्यानं बोटानं गोळा केलं. मग ताट माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाला, "आंबली हाय."

मी उंबऱ्यातून उठून बाजेपाशी गेले.

"मला वाटलं, आज तरी सांगशील."

त्याचा हात ताटावर होता, बोटांना आमटी लागलेली. मला दया आली. आली, नाही असं नाही. पण वगराळं माझ्या हातात होतं, डबा शेजारीच होता, आणि मी त्याच्या ताटात अजून एक वगराळं वाढलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, ताट जवळ ओढलं, आणि तेही संपवलं.